ओइवाची नऊ सीटांची गाडी

उत्तरेतल्या आमच्या लौत्तावारा गावात कुणाची गाडी आली ते खिडकीशी न जाता कळतं. ओइवाची तर नदीच्या वळणावरच ओळखू यायची. आधी सायलेन्सरची घरघर, मग चढावर गिअर बदलताना एक आचका, आणि आमच्या उतारावर मागच्या दाराचा खडखडाट. आमचे हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचे, "ओइवा आला, कॉफी टाक." मी टाकायची. तो दारात बूट झटकून, टोपी काढून, "देवाची शांती या घराला," असं म्हणेपर्यंत कॉफी उकळलेली असायची.

गाडी डिझेलवरची, नऊ सीटांची, एके काळी पांढरी. त्याच्याकडे आली तेव्हाच ती म्हातारी होती. दक्षिणेतल्या कुणा टॅक्सीवाल्याने तिला पुरतं पिळून घेतलं होतं आणि मग विकून टाकलं होतं. काटा साडेसहा लाख किलोमीटरच्या पुढे गेला तेव्हा आमच्या ह्यांनी हिशेब केला. म्हणाले, "ओइवा, तुझी गाडी चंद्रावर पोचून परतीच्या वाटेला लागली की रे."

"पोचली असेल," ओइवा म्हणाला. "तिथे मीठ टाकत नसतील रस्त्यावर. इथल्यापेक्षा बरा रस्ता."

मिठावर त्याचा फार राग. जन्मभर सरकारी बर्फ काढायची गाडी चालवली त्याने, आणि रस्त्यावर मीठ फेकायचं कामही त्याचंच होतं. "दिवसा मीच टाकायचं आणि शनिवारी मीच माझ्या गाडीच्या पोटाखालून धुवायचं," तो म्हणायचा. शनिवारी अंघोळीची सौना तापत असताना तो अंगणात गाडीखाली आडवा पडलेला असायचा. आधी गरम पाण्याने तळ धुवायचा, मग जिथे जिथे दोन लोखंडं एकमेकांवर घासतात तिथे ग्रीस भरायचं. थंडी उणे वीसच्या खाली गेली की झोपण्याआधी इंजिनाची वायर भिंतीतल्या प्लगात घालायची, म्हणजे सकाळी ते ऊबदार असतं. साइमा म्हणायची, "मला इतकं पांघरूण कधी घातलं नाही हो ह्याने."

साइमा त्याची बायको. अंगाने थोराड, आवाजाने त्याहून. त्यांना अकरा मुलं. आमच्या पंथाच्या लोकांत देव देईल तितकी घरात येतात, आणि प्रार्थनेच्या सभा कधी साठ तर कधी दोनशे किलोमीटरवर असतात, त्यामुळे नऊ सीटांची गाडी ही चैन नसते. तरीही ती पुरायची नाही, धाकटी दोन थोरल्यांच्या मांडीवर. साइमा पुढे बसायची, पायाशी टोपली. निघून पाच-सात किलोमीटर झाले की मागे न बघता ती हात मागे करायची, हातात वेलदोड्याचा गोड पाव. कुणीतरी तो घ्यायचं. मग दुसरा. कुणाला मिळाला, कुणाला नाही, हे तिला मान न वळवता कळायचं. "एस्को, तुझा झालाय. तो लेआचा." लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती. त्या मागच्या सीटांवर बसून मीही कितीदा तिच्या हातचा पाव खाल्ला आहे.

मुलं मोठी झाली, पांगली. कुणी औलूला, कुणी राजधानीत, दोघं तर समुद्रापार. ओइवाने मागच्या सीटा काढल्या नाहीत. आमच्या ह्यांनी एकदा सुचवलं, काढल्यास तर लाकडं वाहता येतील. "आणि सणाला आली तर कुठे बसतील?" एवढंच बोलला तो.

साइमाचं विसरणं कसं सुरू झालं ते मी लांबवत नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना माहीत आहे. चूल चालू ठेवून ती गोठ्यात जाऊ लागली, आणि गोठा रिकामा होऊन वीस वर्षं झाली होती. शेवटी मुलांनी आणि डॉक्टरांनी मिळून तिला शहरातल्या वृद्धांच्या घरात ठेवलं. गाडीने जायला तास लागतो. तिथल्या पोरी चांगल्या आहेत, खोली उजेडाची आहे, सगळं बरं आहे. पण त्या खोलीत ती ओइवाला ओळखेना. तो समोर बसायचा, टोपी गुडघ्यावर. ती त्याला म्हणायची, "तुम्ही कुणाला भेटायला आलात? बसा हो, माझे यजमान येतीलच इतक्यात."

असे तीन-चार आठवडे गेले. मग एके दिवशी तिला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि तिथली गाडी दुसरीकडे गेली होती. ओइवा म्हणाला, मी नेतो. त्याने तिला धरून पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः येऊन बसला, किल्ली फिरवली. अशा डिझेल गाड्यांना किल्ली फिरवल्यावर जरा थांबावं लागतं, इंजिन आतून तापेपर्यंत समोर एक लाल दिवा जळत राहतो. दिवा जायच्या आतच ओइवाने किल्ली पुढे फिरवली. आणि शेजारून आवाज आला,

"अरे दिवा विझू दे की आधी! ओइवा, जन्मभर तुझी हीच घाई."

त्याने हे आम्हाला आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं. आमचे हे उठून चुलीत लाकूड घालायला लागले, चूल भरलेली असताना.

त्यानंतर बुधवारी आणि रविवारी तो तिला गाडीतून फिरवून आणायचा. कधी सभेला, कधी नुसतं नदीकाठाने. मी बऱ्याचदा बरोबर असायची, शहरात माझीही कामं असत. गाडीत ती साइमा होती. ओइवाला वेगावरून बोलायची, रस्त्यावर रेनडियर आले की काच खाली करून त्यांना शिव्या द्यायची. टोपली नव्हती आता, म्हणून मी पाव भाजून न्यायची आणि तिच्या पायाशी ठेवायची. पाच-सात किलोमीटर झाले की हात मागे यायचा. "लेआ, सांडू नकोस हं." मी म्हणायची, "नाही सांडत, आई." खोलीत परत गेलं की दाराशीच ते संपायचं. ती ओइवाला म्हणायची, "सोडायला आलात, फार उपकार झाले तुमचे."

एका हिवाळ्यात गाडीचा स्टार्टर गेला आणि सुटा भाग यायला वेळ लागला. तितके दिवस गाडी उभी. दुरुस्त होऊन ओइवा गेला तेव्हा साइमाला गाडीत बसूनही तो आठवेना. नदीवरच्या पुलापर्यंत ती परकी बसून होती, पुलावर कुठे तिला नाव सापडलं. ओइवा घाबरला तो तेव्हा. आमच्याकडे येऊन मला म्हणाला, "हेलवी, ही गाडी आता उभी राहता कामा नये. ती उभी राहिली की साइमाच्या डोक्यातला रस्ता बर्फाने भरतो. आणि तो काढायला माझ्याकडे यंत्र नाही."

ही गाडी चालती ठेवली ती कालेवीने. कालेवी आमच्याच सभेचा, गावाच्या टोकाला त्याची शेड आहे. वेल्डिंग, पत्रा, इंजिन, सगळं तोच बघतो. त्याच्या अंगणात ओइवाच्या गाडीसारख्याच तीन मेलेल्या गाड्या होत्या. त्यांचे अवयव काढून काढून ही एक जगवलेली. कालेवी बडबड्या, सारखा काहीतरी चिडवणार. "ओइवा, तुझ्या गाडीत आता तुझं मूळचं काय राहिलंय? दोन आरसे आणि साइमा!"

"आरसा एकच," ओइवा म्हणायचा. "डावा तूच बदललास."

पुढच्या शरदात गाडीचं पासिंग होतं. आठवडाभर आधी ओइवाने गाडी कालेवीकडे सोडली, जाताना म्हणाला, "बुधवारच्या आत दे बाबा." कालेवीने ती वर घेतली आणि बत्ती धरून तळ बघितला. उजव्या बाजूला, साइमाच्या सीटच्या बरोबर खाली, पुढचं चाक ज्या तुळईला धरून असतं ती आतून कुजली होती. वरून शाबूत दिसत होती, पण त्याने पेचकस टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. नीट करायचं तर इंजिन उतरवायचं, तुळई कापायची, नवी घडवायची. महिना-दीड महिना. आणि गाडी उभी राहिली तर काय होतं ते कालेवीलाही माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. त्याने वर पातळ पत्रा चिकटवला, त्यावर डांबर फासलं, ओल्या डांबरावर रस्त्याची धूळ मारली. उन्हाळ्यात नीट करू, असं मनाशी ठरवलं. पासिंगवाल्याने हातोडीने ठोकून बघितलं, पण नेमकं तिथे ठोकलं नाही. गाडी पास झाली. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. ओइवाला सुद्धा.

कालेवीची बडबड त्यानंतर कमी झाली, एवढं लक्षात आलं होतं.

ख्रिस्तजयंतीच्या आधीच्या सभेत मी प्रार्थनाघरात कॉफीच्या किटलीपाशी होते. प्रवचन संपलं होतं, गाणं चालू होतं. आमच्यात ज्याचं मन टोचतं तो अशा वेळी उठून ज्याचा गुन्हा केला त्याच्याकडे जातो. कालेवी बाकांमधून वाट काढत ओइवाकडे आला, त्याच्या गळ्यात हात घातले आणि रडायला लागला. "ओइवा, तुझ्या गाडीच्या बाबतीत माझ्याकडून वाईट झालंय. मला क्षमा मिळेल का?"

ओइवाने विचारलं नाही, काय वाईट झालं. आमच्या गावात तसं विचारत नाहीत. मागणाऱ्याला खोदून विचारणं म्हणजे त्याला उघडं करून थंडीत उभं करणं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्याने कालेवीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "येशूच्या नावाने आणि रक्ताने तुझं सगळं पाप क्षमा झालंय. विश्वास धर, भाऊ." दोघांचेही गाल ओले. मी सुद्धा किटली खाली ठेवून डोळे पुसले. किती सुंदर, असंच मनात आलं माझ्या.

आणि एकदा क्षमा झाली की ती गोष्ट पुन्हा काढायची नाही. देवाने समुद्रात टाकलेलं माणसाने गळ टाकून वर काढायचं नाही. गाडीत बसताना मी ओइवाला एवढंच म्हटलं, "कालेवीचं मन हलकं झालं."

"हो गं. तो जुना रेडिएटर त्याने मला कबूल करून दुसऱ्याला विकला होता, ते टोचत असेल," ओइवा म्हणाला. "मी तर विसरलो पण होतो."

तिकडे कालेवीला वाटत होतं, ओइवाला सगळं उमगलं आहे. गाडीच्या बाबतीत, असं आपण सांगितलं. आयुष्यभर गाडीखाली झोपलेला माणूस तो, घरी जाऊन बघणारच. आणि बघूनही काही बोलत नाही, म्हणजे मोठ्या मनाने उन्हाळ्याची वाट बघतोय. आपण विषय काढला तर त्याच्या क्षमेवर आपला भरवसा नाही, असं होईल. ओइवा मात्र त्या बाजूला मुद्दाम बघत नव्हता. कालेवीने हात लावलेल्या जागा तपासायच्या म्हणजे दिलेली क्षमा परत घेतल्यासारखं, असं त्याला वाटायचं. शनिवारी तो तळ धुवायचा, ग्रीस भरायचा, आणि कालेवीच्या कामावरून नजर बाजूला न्यायचा. दोन भली माणसं, दोन्ही गप्प, आणि मध्ये साइमाची सीट.

मे महिन्यात बर्फ वितळतो तेव्हा रस्ता खालून उलतो. काल सपाट होतं तिथे आज उंचवटा. ओइवाइतकं हे कुणाला ठाऊक? तो अगदी हळू चालवत होता, सायकल पुढे जाईल इतक्या हळू. बुधवार होता. मी त्या दिवशी गेले नव्हते, मला सर्दी होती. पुलाच्या अलीकडे एका उंचवट्यावरून उजवं चाक उतरलं आणि खालून काहीतरी फाटल्याचा आवाज आला. चाक आत दुमडलं, गाडी त्याच बाजूला कलंडत चरात गेली. वेग नव्हता म्हणून उलटली नाही. पण साइमा दारावर आपटली.

मदत येईपर्यंत ओइवा तिचा हात धरून तिथेच वाकून बसला होता. तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं, तरी ती ओरडली नाही. म्हणाली, "ओइवा, मुलं ठीक आहेत ना? मोज बरं."

ओइवाने मागे वळून रिकाम्या सीटांकडे बघितलं. आणि एकेकाचं नाव घेत मोठ्याने मोजलं. एस्को. पिर्को. तुओमो. लेआ. अकराच्या अकरा.

"सगळी आहेत," तो म्हणाला.

"मग ठीक," साइमा म्हणाली. ह्या जगात तिने त्याला नावाने हाक मारली ती तेव्हा शेवटची.

आमचे हे ट्रॅक्टर घेऊन गेले होते गाडी ओढायला. गाडी वर आली तशी ती तुळई खाली लोंबत आली, डांबराचं साल सोलून निघालेलं, आत नुसता तांबडा भुगा. ओइवाने वाकून बघितलं. बोटाने तो भुगा चोळला, वास घेतला. त्याला सगळं कळलं, असं हे म्हणतात. 

साइमा दवाखान्यात होती, तेव्हा मी ओइवाकडे जाऊन स्वयंपाक करून द्यायची. अशाच एका दुपारी कालेवी आला. दारातच उभा राहिला, टोपी दोन्ही हातांत. त्याने शांतीचा नमस्कारही केला नाही.

"बस," ओइवा म्हणाला.

"नको. ओइवा, मला वाटलं तुला माहीत आहे."

"मला वाटलं रेडिएटर."

"रेडिएटर?" कालेवीला ते आठवायलाच वेळ लागला. "अरे देवा. रेडिएटर!"

"मी विचारायला हवं होतं."

"तू कशाला विचारशील? मी सांगायला हवं होतं."

"तर मग सांग आता," ओइवा म्हणाला. "क्षमा माग नंतर. आधी काय केलंस ते सांग. एकेक बोल्ट सांग."

कालेवीने सांगितलं. पेचकस, पत्रा, डांबर, धूळ. दीड महिन्याची भीती. "गाडी उभी राहिली असती तर ती तुला विसरली असती, म्हणून केलं रे. तिच्यासाठीच केलं." मी मासळीच्या रश्शात चमचा फिरवत होते, तो करपत होता तरी मला कळत नव्हतं. सांगून झाल्यावर कालेवीने नेहमीच्या शब्दांत क्षमा मागितली.  ओइवाने टेबलावरचा हात उचलला, हवेत धरला, आणि परत खाली ठेवला.

"आज नाही, कालेवी," तो म्हणाला. "घरी जा. आज माझ्याकडे नाहीये ती."

कालेवी गेला.  मी ओइवापुढे रस्सा ठेवला. तो म्हणाला, "पहिल्यांदा क्षमा दिली तेव्हा मला काही किंमतच पडली नाही गं. न बघता दिली. आता बघितलंय."

कितीतरी दिवस मी रोज त्या दोघांसाठी प्रार्थना करत होते. आणि मग एका सकाळी, चिखल अजून घोट्याएवढा होता, मी खिडकीतून ओइवाला रस्त्याने चालत जाताना पाहिलं. त्याला रस्त्यावर चालताना मी कधी पाहिलंच नव्हतं. गाडीशिवाय तो फार लहान दिसत होता. गावाच्या टोकापर्यंत गेला, शेडमध्ये शिरला. आत काय झालं ते कालेवीनेच पुढे सांगितलं. कालेवी ओइवाच्याच गाडीखाली होता, त्याला फक्त चिखलाचे बूट दिसले. बुटांनी क्षमेचे शब्द उच्चारले, सगळे, न गाळता. मग बूट म्हणाले, "पाना कुठला देऊ?"

तो उन्हाळा दोघांनी त्या शेडमध्ये काढला. तुओमोने बापाला आपली छोटी गाडी वापरायला दिली होती, जवळपास नवी. तिच्यातून ओइवा दवाखान्यात जायचा, मग साइमाला परत वृद्धांच्या घरी आणल्यावर तिथे. तिला चाकांच्या खुर्चीतून त्या गाडीपाशी नेलं तर तिने हातच आखडून घेतला. "कुणाची गाडी ही? मी नाही बसायची." म्हणून सगळी आशा शेडमधल्या गाडीवर. कालेवीने इंजिन उतरवलं, दोन्ही बाजूंच्या तुळया कापून नव्या घडवल्या. उजवीच खराब होती, डावी त्याने आपली आपण बदलली. डास इतके होते की दोघं जाळीच्या टोप्या घालून काम करायचे. मी जेवण घेऊन जायची. बोलणं फारसं नसायचं. एकदा मात्र कालेवीने जुन्या सवयीने तोंड उघडलं. "आता ह्यात तुझं मूळचं..." आणि तिथेच थांबला. ओइवा म्हणाला, "आरसा एकच. बोल ना, थांबलास कशाला?" पण कालेवीला पुढे बोलवेना.

गाडी पुन्हा पासिंगला नेली. कालेवी स्वतः पासिंगवाल्याला म्हणाला, "इथे ठोका. इथे पण. इथे जोरात ठोका." तो माणूस हसायला लागला, म्हणाला, "अहो, हिचा तळ नव्या गाडीला लाजवेल."

गवतावर पहिलं दहिवर पडलं होतं त्या बुधवारी आम्ही गेलो. ओइवाने दाढी केली होती, कोट घातला होता. मी मागे बसले. तिथल्या दोन पोरींनी साइमाला खुर्चीतून उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. केवढीशी झाली होती ती. पट्टा लावला. ओइवा आपल्या जागी बसला, किल्ली अर्धी फिरवली, आणि लाल दिव्याकडे बघत राहिला. दिवा विझला तरी त्याने गाडी सुरू केली नाही, वाट बघत राहिला. मग सुरू केली. तीच घरघर, तोच आचका, मागच्या दाराचा तोच खडखडाट. कालेवीने तो मुद्दाम तसाच ठेवला होता.

साइमा समोर बघत होती. पूल आला. पुलावरून ओइवाने इतकी हळू गाडी नेली की मागच्याने भोंगा वाजवला. पूल गेला.

मग ती वळली आणि त्याच्याकडे नीट निरखून पाहून म्हणाली, "माफ करा हं. तुम्ही कुणाचे?"

"मी ओइवा," तो म्हणाला.

"हो का? माझ्या यजमानांचंही नाव ओइवा." ती जराशी हसली, मग अवघडली. पदर नाही आमच्यात, पण पदर सारखा करावा तसा तिने कोट सारखा केला. "राग मानू नका, तुम्ही भले दिसता. पण मी लग्नाची बाई आहे. परक्या माणसाशेजारी पुढे बसणं बरं दिसत नाही. मला मागे बसवता का, त्या बाईंजवळ?"

ओइवाने गाडी कडेला घेतली. उतरून तो तिच्या बाजूला आला. तिला उचलताना तिने अंग चोरलं, तेव्हा त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. आम्ही दोघांनी मिळून तिला माझ्या शेजारी आणलं. तिच्या पायांवर मी शाल घातली. पुढची सीट रिकामी, आणि ओइवा एकटा आम्हाला नदीकाठाने नेत राहिला, सभेच्या रस्त्याने, बर्चची पानं सगळी पिवळी झालेली. साइमाने माझा हात धरला होता. माझ्या कानाशी येऊन ती बऱ्याच गोष्टी बोलली.

तिला खोलीत पोचवून आम्ही गाडीत आलो. ओइवा म्हणाला, "हेलवी, पुढे येऊन बस की."

"नको," मी म्हटलं, "इथे बरी आहे मी."

गाडी गावाच्या अर्ध्या वाटेवर आली. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते आणि मी ते न बघण्याचा प्रयत्न करत होते. मग त्याने विचारलं, "ती काय बोलत होती गं तुझ्याशी?"

मी खोटं बोलत नाही, आणि त्या वेळी तर सुचलंही नसतं. "म्हणाली, हा गाडीवाला फार जपून चालवतो. असा माणूस मिळणं कठीण."

ओइवाने मान हलवली. पुढे रेनडियरचा एक कळप रस्ता ओलांडत होता. त्याने गाडी थांबवली, शेवटचं वासरू पलीकडे जाईपर्यंत थांबला.

"मग पुढच्या बुधवारी तिला विचारून बघू," तो म्हणाला. "गाडीवाला म्हणून विचारू. येईल ती?"

"येईल," मी म्हटलं.

ती येते. दर बुधवारी, मागच्या सीटवर.